घंटागाडीतली बाई

आमच्या शहरात मला नावानं ओळखणारे लोक म्हणजे घरचे आणि रेशन दुकानवाला. बाकी सगळ्यांसाठी मी घंटागाडीतली बाई. बाजारात वांगी निवडत असते, सहज भाव विचारते, की भाजीवाली चमकून वर बघते. "अवो, तुमी घंटागाडीतल्या बाई न वो?" मी हो म्हटलं की ती दोन वांगी जास्तीची टाकते आणि लगेच पुढे वाकून हळूच विचारते, "आमच्या वार्डात नळ केव्हा येते सांगा न." जसं काही नळाची चावी माझ्याच कमरेला खोचलेली आहे!

शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर नगरपरिषद मला नोटीस देईल, आणि ती नोटीस भोंग्यावर वाचायलाही मलाच बोलावतील. एवढंच सांगते की मूल गावाकडून येणारे धानाचे ट्रक आमच्या चौकात वळतात आणि वळताना दर वेळी कोणाची तरी पायरी खरवडतात. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला बायपास, बायपासच्या पलीकडे जंगल. नगरपरिषद आहे म्हणून आम्ही याला शहर म्हणतो. रानडुकरं अजून गावच समजतात.

लिहिताना मी शाळेत शिकवलेलं मराठी लिहिते. चिडले की मात्र माझं माहेरचं बाहेर येते, मग मले कोणी थांबवू शकत नाही. हे काम मला मिळालं तेही चिडण्यामुळेच.

तेव्हा घंटागाडीवर एक हिंदी गाणं वाजायचं. गाडीवाला आमच्या गल्लीत थांबायचाच नाही. गाणं वाजवत यायचा, गाणं वाजवत जायचा. एक दिवस मी बादली घेऊन धावले, गाडी पार हनुमान मंदिराच्या वळणावर पोचलेली. मी जागेवरूनच ओरडले, "ओ भाऊ! थांबा न! कचरा का आता पोस्टानं पाठवू तुमाले?" गाडी थांबली. मंदिरातला घंटा वाजवणारा थांबला. तलावाकडून फिरायला निघालेले तेव्हाचे मुख्याधिकारी साहेब, तेही थांबले. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेतून निरोप आला, बाईंना पाठवा. मला वाटलं दंड होते की काय. साहेब म्हणाले, "बाई, असा आवाज भिंतींना ऐकवून काय करता? आमच्या कामाला द्या."

रेकॉर्डिंग व्हायचं नगरपरिषदेच्या भांडारात. एका बाजूला फुटके पथदिवे, दुसऱ्या बाजूला मच्छर मारायची धुराची मशीन, मधे एका स्टुलावर मी. तिथले बाबू समोर मोबाईल धरून उभे. पहिल्या दिवशी त्यांनी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'तमाम नागरिकांना सूचित करण्यात येते की, जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीकामास्तव उद्या रोजीचा पाणीपुरवठा खंडित राहील, तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी.' वाचताना माझी जीभ दोनदा दाताखाली आली.

"बाबूजी, हे कोनाले समजन?"

"बाई, समजवायचं नाही. वाचायचं आहे."

मी कागद उलटा ठेवला आणि बोलले, "अवो बायांनो, भावांनो, उद्या नळ येनार नाई. पाईप फुटला हाय. आजच भरून ठेवा, उद्या शेजारनीच्या दारात पान्याचा रिकामा गुंड घेऊन उभं राहू नका." बाबू कपाळाला हात लावून बसले. पण दुसऱ्या दिवशी म्हणे एकही तक्रारीचा फोन आला नाही. तेव्हापासून दर सोमवारी भांडारात जाऊन आठवड्याच्या बातम्या सांगायच्या, हे माझं काम झालं. नळ, लसीकरण, घरपट्टीचं शिबिर, नाली सफाई, कुत्र्यांची नसबंदी, सगळं माझ्या तोंडून. उन्हाळ्यात सांगायचं, कूलरचं पाणी बदला, डेंगूचे मच्छर तुमच्या कूलरात बाळंतपणं करून राह्यले. बायपासकडे बिबट्या दिसला की वनविभाग नगरपरिषदेला कळवायचा आणि नगरपरिषद मला. मी सांगायची, "फोटो काढायले जाऊ नका. त्याले फोटोची हौस नाई." लोक हसायचे, पण जायचे नाहीत.

घरात मात्र या आवाजाचं कौतुक करायला कोणी नव्हतं. नवरा धानगिरणीत. दिवसभर गिरणीचा आवाज आणि संध्याकाळी आम्हा दोघी बायकांचा, त्यामुळे तो स्वतः फारसा बोलत नाही. दुसरी बाई म्हणजे माझी सासू.

सासूबद्दल सांगायचं तर माहेरापासून सुरुवात करावी लागते. माझं माहेर सिंदेवाहीच्या पलीकडे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडया म्हणजे जत्रा भरतात, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि त्यासोबत नाटकं. गावोगाव, होळीपर्यंत. आमच्या गावच्या मंडळाच्या नाटकात मी लग्नाआधी काम केलं होतं, नायकाच्या रडक्या बहिणीचं. रडायची अशी की पहिल्या रांगेतले म्हातारे उपरण्याला नाक पुसायचे. लग्न ठरलं तेव्हा सासूच्या कानावर हे गेलं. तिनं बाकी काही विचारलं नाही. हळद उतरली त्या दिवशी एवढंच म्हणाली, "झालं थे झालं. आता मंचावर नाई जायाचं. रडायचं असन तं घरात रडजो." मी गेले नाही. भांडले असते, पण तेव्हा नवी होते.

म्हणून माझा आवाज गाडीवर चढून गावभर फिरायला लागला तेव्हा सासूनं तोंड वाकडं केलं. "लोकाच्या सुना मास्तरनी झाल्या, नर्स झाल्या. आमची गावभर कचरा मांगत फिरते." आणि दर सोमवारनंतर चुका काढायची. लय घाई केली. बिबट्याचं सांगताना हसली, असं हसतेत का? घरपट्टीचं सांगितलं थे भीक मांगल्यासारखं वाटलं. मी म्हणायची, "आई, तुम्हीच सांगा न मग भोंग्यावर." ती म्हणायची, "मले का येड लागलं हाय?"

असं चाललं होतं. मग नवीन मुख्याधिकारी आले.

पोरगेलेसे साहेब, पश्चिम महाराष्ट्राकडचे. बोलणं गोड. मला त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, ताई म्हणाले. इतक्या मानानं वागवलं की मी समजून गेले, काहीतरी वाईट सांगायचं आहे.

"ताई, तुमचं काम छानच आहे. पण आता आपण संगणकाचा आवाज आणतोय. शुद्ध, स्पष्ट. मजकूर टाइप केला की लगेच बोलतो. तुम्हाला दर सोमवारी त्रास नको."

"मले त्रास नाई होत साहेब. तो आवाज कोनाचा हाय?"

"कोणाचाच नाही. यंत्राचा."

"कोनाचाच नाई, तं लोक आयकतीन कोनाचं?"

साहेब हसले. म्हणाले, घाई नाही, आधी तुमच्याच प्रभागात लावून पाहू. मग प्रभागसभा घेऊ, लोकांना दोन्ही आवाज ऐकवू, लोक म्हणतील तसं. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण. वाईट असता तर मी तिथेच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. मी चहा संपवला आणि घरी आले. येताना चौकात माझाच आवाज ऐकू आला, नाली सफाईचं सांगत होता, आणि मला एकदम भडभडून आलं. माझ्यातली एवढीच एक गोष्ट उंबऱ्याच्या बाहेर गेली होती. ती आता परत घरात आणून ठेवायची, आणि तिच्यासोबत मीही भाकरी थापत बसायचं, असं मला दिसलं. भलताच राग आला. त्या दिवशी भाजीत मीठ दुप्पट पडलं.

सोमवारी आमच्या प्रभागात नवी बाई बोलली. "सन्माननीय नागरिकहो, कृपया आपला घनकचरा विलगीकरण करून स्वच्छतादूताकडे सुपूर्द करावा." एकही दार उघडलं नाही. समोरच्या वहिनींना वाटलं, कोणाचा तरी फोन लागत नाही आहे, त्या घरातला मोबाईल शोधत बसल्या. कोपऱ्यावरच्या रिटायर्ड मास्तरांना वाटलं बँकवाली बोलते, त्यांनी खिडकी लावून घेतली, कारण बँकवाल्या बाईला आधार नंबर सांगायचा नाही असं मीच मागे भोंग्यावर सांगितलं होतं. गाडी रिकामी येऊन रिकामी गेली.

आमच्या दारात वेगळाच तमाशा. सासू ओट्यावर बसलेली, पायाशी कचऱ्याची बादली. गाडी येऊन थांबली. गाडीवाला म्हणाला, "आजी, द्या न कचरा."

"कोन बाई हाय थे?"

"कोनती बाई?"

"बोलून राह्यली थे. कोनाची हाय? कोन्या गावची?"

"आजी, थे मशीन हाय."

"मी ओळखत नाई तिले. अनोळखी बाईले मी घरचं काई देत नाई."

"अवो आजी, कचराच तं हाय!"

"कचरा असो का सोनं असो. घरचं हाय."

मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते. गाडी गेली. बादली तिथेच. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी बादलीला वास सुटला आणि मलाच ती उचलून पार मंदिरापाशी नेऊन टाकावी लागली. परत आल्यावर मी सासूला म्हटलं, "आई, माझ्यासाठी एवढं नका करू." तिनं असं पाहिलं माझ्याकडे! "तुयासाठी कोन करून राह्यलं? मले तिची बोली नाई आवडली. कृपया म्हनते. कृपया काय?"

प्रभागसभा शनिवारी संध्याकाळी पाचला, शाळेच्या पटांगणात ठरली. सभेची सूचना संगणकाच्या बाईकडून देण्यात अर्थ नाही, हे एव्हाना साहेबांनाही कळलं होतं. शिवाय आमच्याकडच्या प्रभागसभेचा इतिहास त्यांनी ऐकला होता. मागच्या सभेला नगरसेवक आले होते, त्यांचे दोन साळे आले होते, आणि एक गाय, ती तर रोजच तिथे यायची. साहेबांनी मला निरोप पाठवला, ताई, एवढी एक सूचना तुम्हीच फिरून द्या, ऑटो आणि भोंगा ठरवला आहे.

म्हणजे पाहा. माझ्या निरोपसमारंभाचं आमंत्रण मीच गावाला द्यायचं!

ऑटो होता भोंगेवाल्या भाऊंचा. हे भाऊ नाटकांची जाहिरात करतात. मोसम सुरू झालेला, धान कापून झालेलं, लोकांच्या हाती वेळ, त्यामुळे भाऊ रात्रंदिवस फिरत होते. ऑटोच्या मागे कालच्याच नाटकाचा फलक बांधलेला. रडणारी नायिका, पिस्तूलवाला खलनायक, मधे हात पसरून नायक.

"भाऊ, हे काढा न. मी नगरपरिषदेचं सांगायले निघाली."

"गाठ पक्की बसली वो बाई. राहू द्या, गाडीले शोभते."

पहिल्या गल्लीत मी कागदावरचं वाचलं. सभा आहे, नागरिकांनी उपस्थित राहावं. एक म्हातारी खाकरली, बाकी शांतता. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या मनात आलं, शेवटचंच आहे ना बापा हे, मग होऊन जाऊ दे. त्यापुढे माझं मी ऐकत नव्हते. माहेरच्या मंडईत जे ऐकत मोठी झाले तेच तोंडून निघालं.

"येत आहे! येत आहे! येत आहे! शनिवारी, सायंकाळी ठीक पाच वाजता, शाळेच्या भव्य पटांगणात, आपल्या प्रभागात प्रथमच... प्रभागसभा! एका आवाजाचा जीव जानार, का राहनार? घंटागाडीतल्या बाईच्या नशिबात काय लिहिलं हाय? पाहायला इसरू नका! प्रमुख उपस्थिती, खुद्द मुख्याधिकारी साहेब!"

'नशिबात' मी नाटकातल्या रडक्या बहिणीसारखं लांबवलं. भोंगेवाले भाऊ आरशातून माझ्याकडे बघत होते. "बाई," ते म्हणाले, "तुमी अशा इतके दिवस कुठी लपल्या होत्या?" आणि त्यांनी ऑटो आमच्या प्रभागातून काढून शेजारच्या प्रभागातही घातला. मी नको नको म्हणत होते, पण भोंग्यावर. त्यामुळे लोकांना ते संवादासारखंच वाटलं असणार.

शनिवारी दुपारी मी दळण घेऊन शाळेवरून चालले होते, तर पाय जागीच थबकले. पटांगण झाकलेलं. चटया, पोती, सतरंज्या, जुनी लुगडी, धानाचं तणस अंथरून त्यावर ताडपत्री. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर वीट नाहीतर दगड. आमच्या झाडीत नाटक असलं की लोक दुपारीच येऊन अशी जागा धरून जातात. दगड हलवला तर भाऊ भावाशी वर्षभर बोलत नाही. पटांगणाच्या कडेला भज्यांची कढई चढली होती, एक जण उकडलेले शिंगाडे घेऊन बसला होता, आणि दोन बाया एका पोत्याच्या सीमेवरून कचाकचा भांडत होत्या.

"बाई," एकानं मला अडवलं, "हे 'प्रभागसभा' मंजे सामाजिक हाय, का कौटुंबिक?"

मी भोंगेवाल्या भाऊंना गाठलं. म्हटलं, भाऊ, लोकाइले सांगा, हे नाटक नोहोय. भाऊंनी शांतपणे एक भजं खाल्लं. "आता सांगू नका. पहिले साहेबाले मारतीन, मंग आपल्याले."

घरी आले तर सासू नवी चटई काढून बसलेली. मी म्हटलं, "आई, नाटक नाई आहे तिथे."

"मले मालूम हाय. सभा हाय. पन जागा तं धरा लागते न." तिनं पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, सकाळीच पोतं टाकून ठेवलं होतं.

पाच वाजता साहेब आले आणि फाटकातच उभे राहिले. माणसं भिंतीवर होती, निंबाच्या झाडावर होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताई," ते म्हणाले, "लोकांचा असा सहभाग मी नोकरीत कुठंच पाहिला नाही."

"मीबी नाई पाहिला साहेब," मी म्हटलं.

सभा सुरू झाली. नगरसेवकांचं भाषण झालं, त्यांच्या साळ्याचं झालं, हार झाले, साहेबांनी स्थानिक स्वराज्यावर मनापासून भाषण केलं. कोणी जागचं हललं नाही. आमच्याकडे नाटकाआधी उद्घाटकांची अशीच भाषणं चालतात, त्यामुळे लोकांना शंका यायचं कारणच नव्हतं. उलट दर भाषणानंतर टाळ्या पडायच्या, कारण एक भाषण कमी झालं. मग साहेब म्हणाले, आता आपण एकच सूचना दोन आवाजांत ऐकू, आणि त्यांनी संगणकाची बाई लावली.

"सन्माननीय नागरिकहो, तातडीच्या दुरुस्तीकामास्तव उद्याचा पाणीपुरवठा खंडित राहील. कृपया नोंद घ्यावी."

लोक माना उंचावून मंचाच्या दोन्ही बाजूंना बघू लागले. "बाई दिसत नाई वो." "पडद्यामागून बोलून राह्यली." "आता येन." कोणी आली नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी उठून हात केला. "सायेब, तिले बाहेर काढा न! आमी दुपारपासून बसून आहो!"

"आजोबा, बाई नाहीच. हा यंत्राचा आवाज आहे. आणि ही सभा आहे."

"सभा?" बाबा म्हणाले. मागे वळून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "सभा हाय मन्ते!"

पटांगणातून एक गुरगुर निघाली. दोघा-तिघांनी सतरंजीच्या कोपऱ्यावरचे दगड हातात घेतले. गुंडाळायला घेतले असतील, पण साहेब एक पाऊल मागे सरकले. तेवढ्यात मधून कोणीतरी बाई ओरडली, "घंटागाडीवालीचं होऊ द्या मंग! तिले तं आना!"

मला मंचावर ढकललं. हातात तीच सूचना लिहिलेला कागद, तोंडासमोर माईक. आणि माझा आवाज गेला. भांडारात माझ्यासमोर बाबू असायचे आणि फुटके पथदिवे असायचे. इथे हजार डोळे. लग्नानंतर माणसांसमोर अशी मी उभीच राहिले नव्हते. तोंड उघडलं, नुसती हवा निघाली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गेलं, मी मनात म्हटलं, आता यंत्रच येणार, आणि आपल्यामुळेच येणार. डोळे भरले. खाली एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "काय काम करून राह्यली वो! पाह्य कशी रडते!" आणि त्यांनीही पदर डोळ्याला लावला.

तेव्हा पहिल्या रांगेतून सासू कडाडली.

"काय वो! तोंड शिवलं का तुयं? घरात तं भांडे पडतेत तुया आवाजानं! इथी आली तं मुकी झाली?"

सगळं पटांगण फिदीफिदी हसलं. आणि मी अशी चिडले, अशी चिडले! चारचौघांत? माईकसमोर? माझ्या पोटातून जे निघालं त्याला भोंग्याची गरज नव्हती.

"उद्या नळ येनार नाई! आयकलं का? पाईप फुटला हाय! आजच्या आज भरून ठेवा! उद्या कोनी गुंड घेऊन माझ्या दारात आलं, तं मी देनार नाई!"

मधल्या रांगेतली एक बाई उठली. "अवो बाई, माया टाक्यात थेंब नाई!" दुसरी उठली. तिसरीनं पोराला बखोटीला धरलं. "आज भरा लागन न, पाच वाजताचा नळ आता जाईन!" आणि धावपळ! चटया तिथेच, पोती तिथेच, शिंगाडे तिथेच. बाया फाटकातून, माणसं भिंतीवरून, निंबावरचे निंबावरून. भजेवाल्यानंही कढई उतरवली, म्हणाला माझीबी बायको घरी एकटी हाय. बघता बघता पटांगण रिकामं झालं आणि नुसत्या विटा राहिल्या.

साहेब माझ्याजवळ आले. चेहरा उतरलेला. "ताई, हा नमुना होता हो. ऐकवण्यापुरता. उद्या पाणी येणार आहे."

"मले कुठी सांगितलं तुमी, नमुना हाय म्हणून?"

"आता?"

"आता उद्या नळ सोडू नका. सोडला तर लोक म्हणतील बाई खोटं बोलली. माझी इज्जत जाते."

साहेब मंचावरच बसून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाले, "पाणी तर सोडावंच लागेल. उद्या सकाळी गाडीवरून सांगा, पाईप लवकर दुरुस्त झाला. तुम्हीच सांगा. त्या यंत्राचं कोण ऐकणार आहे?" आणि मग, "आणि सोमवारी या. नेहमीसारख्या." नगरसेवक मान डोलवत होते, जणू त्यांनीच सुचवलं. मी साहेबांना लोक कशासाठी जमले होते ते सांगितलं नाही. पुढे जिल्ह्याच्या बैठकीत त्यांच्या प्रभागसभेचं फार कौतुक झालं म्हणे.

मी मंचावरून उतरले. एवढ्या सगळ्या चटयांमधे एकच चटई भरलेली होती. सासू पाय पसरून बसली होती, मांडीवर शिंगाड्यांची पुडी.

"आई, तुम्ही नाई गेल्या पानी भरायले?"

"भरन न तुया नवरा," ती म्हणाली. शिंगाडा सोलत बसली. मी चटईची घडी घालायला वाकले तर तिनं चटईवर हात दाबून ठेवला.

"राहू दे. काय धडपड धडपड करून गेले सारे. मले नीट आयकू आलं नाई." तिनं मंचाकडे हनुवटी केली. माझ्याकडे बघत नव्हती. "मी कायले जागा धरली होती मंग? येवढ्या वर्सात तुले मंचावर पाह्यलं नाई मी. जाय. वरती जाऊन सांग. पहिलेपासून."

साहेब वर माईकची वायर गुंडाळत होते, ते थांबले आणि बाजूला झाले.

मी परत वर चढले, पदर नीट केला, आणि पहिल्यापासून सांगितलं.